जर्मनीत नर्सिंगची मान्यता: मला लागलेले कागद

जर्मनीला नर्स म्हणून जायचं तर काय लागतं, असं विचारणारे मेसेज मला सोलापुरातल्या माझ्या कॉलेजच्या मुलींकडून सतत येतात. विचारणं साहजिकच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून जिकडे तिकडे जर्मनचे क्लास निघालेत. मी आज बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्याच एका रुग्णालयात काम करते. माझी फाइल कशी तयार झाली, कुठे अडली आणि कशाने सुटली, ते सविस्तर सांगते, कारण क्लासवाले ते सांगत नाहीत आणि एजंट तर नाहीच नाही.

बहुतेक मुलींची समजूत अशी असते की बी.एस्सी. नर्सिंग, दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि जर्मनचं प्रमाणपत्र एवढं हातात असलं की पात्रता झाली. नोकरी मिळण्यापुरतं ते खरंही आहे. पण जर्मनीत परिचारिका हा नियंत्रित व्यवसाय आहे. तिथल्या शासनाने मान्यता दिल्याशिवाय ‘प्फ्लेगेफाखफ्राउ’, म्हणजे पूर्ण पात्र परिचारिका, हे पद लावता येत नाही, त्या पदाचा पगार मिळत नाही आणि त्या पदाची कामंही करू देत नाहीत. ही मान्यता प्रत्येक राज्याचं आपापलं कार्यालय देतं. आमच्या राज्यात ते श्टुटगार्टला आहे. ते कार्यालय तुमची टक्केवारी बघत नाही. तुमच्या शिक्षणात काय काय होतं, ते किती तास होतं आणि त्यातलं किती वॉर्डात होतं, हे ते बघतं. जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं असतं: २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत. आपलं चार वर्षांचं शिक्षण त्या मापाला लावून पाहिलं जातं.

आपण चार वर्षं शिकतो, म्हणजे तास भरपूर असतात. अडचण अशी की ते कुठेच लिहिलेले नसतात.

माझ्याकडे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी होती, चारही वर्षांच्या गुणपत्रिका होत्या, विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट होती. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू होती. या सगळ्यात विषय होते, गुण होते, वर्ग होता. तास नव्हते. मी कॉलेजात गेले तेव्हा ऑफिसमधल्या भाऊंनी सरळ विचारलं, “सिस्टर, मार्कलिस्ट आहे, डिग्री आहे, बोनाफाइड पाहिजे तर देतो. अजून काय पाहिजे?” त्यांनी आपुलकीने पत्र टाइप करूनही दिलं: अमुक विद्यार्थिनीने चार वर्षांचा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला असून तिची वर्तणूक चांगली होती. आपल्याकडे या पत्रावर सगळी कामं होतात. श्टुटगार्टला ते पत्र काहीच सांगत नाही.

शेवटी प्राचार्य मॅडमनी कपाटातून आमच्या बॅचचा क्लिनिकल रोटेशन प्लॅन काढला. मोठा, घडी घातलेला तक्ता. कोणता गट कोणत्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात, हे सगळं त्यात होतं. मेडिसिन, सर्जरी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, बालरोग, प्रसूती, ग्रामीण भागातली सामुदायिक पोस्टिंग. मानसोपचाराची पोस्टिंग आम्ही येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात केली होती. गुणपत्रिकेवर त्याचा ‘मेंटल हेल्थ नर्सिंग’ एवढाच उल्लेख होता. तक्त्यात मात्र आठवडे आणि रोजचे तास होते. मॅडमनी टेबलावर तक्ता पसरला, शेजारी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अभ्यासक्रम ठेवला आणि म्हणाल्या, “तू वाच, मी लिहिते.” वर्षवार, विषयवार, थिअरीचे तास वेगळे, प्रात्यक्षिकाचे वेगळे आणि प्रात्यक्षिकात पुन्हा विभागवार तास. प्रत्येक पानावर सही, शिक्का, तारीख. माझ्या सगळ्या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद तो. ज्या मॅडमना बॅच आठवते, ज्यांना तक्ता कुठल्या कपाटात आहे हे ठाऊक असतं, त्या कॉलेजात असतानाच हे पत्र करून घ्या. पुढे प्राचार्य बदलतात, कॉलेजची इमारत बदलते आणि जुने तक्ते रद्दीत जातात.

अनुभवाच्या पत्राचंही तसंच. शिक्षणात काही कमी पडलं तर कामाच्या अनुभवातून ते भरून निघू शकतं, अशी तिथल्या कायद्यात सोय आहे. पण त्यासाठी पत्रात मजकूर हवा. पुण्यातल्या ज्या रुग्णालयात मी आयसीयूत होते, तिथल्या एचआरने ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढं एका ओळीत दिलं होतं. मेट्रन मॅडमनी ते बाजूला ठेवलं आणि नवीन लिहून दिलं: विभाग कोणता, खाटा किती, आठवड्याचे तास किती, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची काळजी, सेंट्रल लाइन, औषधं, नातेवाइकांना माहिती देणं, ज्युनिअरना शिकवणं. आपण रोज करतो ते काम इतकं सरळ लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि फार बरं वाटलं.

भाषेबद्दल थोडक्यात. पूर्ण मान्यतेसाठी बी-टू, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी, लागते. मी पुण्याच्या माक्स म्युलर भवनात परीक्षा दिली. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला १०० गुण आणि प्रत्येकात ६० हवेत. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, हे कळल्यावर नाइट ड्यूटी करून शिकणाऱ्या आम्हा मुलींचं अर्धं दडपण गेलं. पण परीक्षेतलं जर्मन आणि वॉर्डातलं जर्मन यांत अंतर आहे. आपण वॉर्डात मराठीत बोलतो तरी शब्द इंग्रजी असतात. इथे ते चालत नाहीत. आपली आरटी, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, इथे ‘मागेनझोंडे’, बीपी ‘ब्लुटड्रुक’. हँडओव्हर देताना मनात आधी ‘आरटी फीड दिलं’ येतं आणि समोरची जर्मन सहकारी वाट बघत उभी असते. म्हणून बी-वन झालं की रुग्णालयातली भाषा शिकवणारं पुस्तक वेगळं हाती घ्या, बी-टू होईपर्यंत थांबू नका.

आता नावाचा विषय. लग्न झालेल्या प्रत्येक मराठी मुलीने हा भाग नीट वाचावा. आपल्याकडे लग्नानंतर नावाचे दोन तुकडे बदलतात, वडिलांच्या जागी नवरा येतो आणि आडनाव बदलतं. काही घरांत पहिलं नावही बदलतात. पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आधारवर तिसरंच, असं झालं की तिकडच्या अधिकाऱ्यापुढे तीन बायका उभ्या राहतात. मी पासपोर्ट माहेरच्या नावाने काढला होता आणि लग्नानंतरही तसाच ठेवला, त्यामुळे माझी सगळी कागदपत्रं एका नावाची राहिली. सासूबाईंना सुरुवातीला ते रुचलं नव्हतं, पण कारण समजावल्यावर त्यांनीच सांगितलं, “राहू दे तसंच, काम अडायला नको.” माझ्या क्लासमधल्या मैत्रिणीचं पहिलं नावसुद्धा बदललेलं होतं. तिला महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची नोंद, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडावं लागलं. त्यातलं राजपत्र सर्वांत उपयोगी पडलं. जर्मन अर्जात ‘गेबुर्ट्सनामे’, म्हणजे जन्माचं आडनाव, असा स्वतंत्र रकाना असतो, तेवढा दिलासा. मधल्या नावाला मात्र रकाना नाही. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत येतं, तेव्हा इथे दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव होतं. माझ्या ड्यूटीच्या बिल्ल्यावर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे. व्हिडिओ कॉलवर बाबांना तो बिल्ला दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

बाकीचे कागद तुलनेने सोपे गेले. जन्मदाखला महाराष्ट्रात मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळतो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत निघतो, स्थानिक ठाण्यात पडताळणी होते. तो आणि डॉक्टरांचं आरोग्याचं प्रमाणपत्र ताजं हवं असतं, साधारण तीन महिन्यांच्या आतलं, म्हणून हे दोन्ही शेवटी काढायचे. गोवराच्या लसीचा पुरावा विसरू नका. १९७० नंतर जन्मलेल्या आणि रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला जर्मनीत तो २०२० पासून सक्तीचा आहे. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड नसेल तर रक्ततपासणीतून प्रतिकारशक्ती दाखवता येते, किंवा पुन्हा डोस घेता येतात. कागदांचं जर्मन भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यावं लागतं आणि ते पानागणिक महाग पडतं. त्यामुळे काय काय भाषांतरित करायचं याची यादी त्या राज्याच्या कार्यालयाकडून आधी घ्या.

पैशांबद्दल मी मोकळेपणाने लिहिणार आहे. पुण्यात एका एजंटने माझ्याकडे लाखांत रक्कम मागितली होती आणि मूळ पदवी ‘प्रोसेससाठी’ जमा करायला सांगितली होती. मी उठून आले. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नसतात. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. जर्मनीकडून तर त्याहून चांगली व्यवस्था आहे. ‘फेअरे आनवेर्बुंग प्फ्लेगे डॉइचलांड’ या शासकीय गुणवत्ता चिन्हाखाली भरती करणाऱ्यांनी परिचारिकेकडून पैसे घ्यायचे नसतात. भरतीचा खर्च मालकाने करायचा. मला नोकरी देणाऱ्या रुग्णालयाने भाषांतर, मान्यतेची फी आणि विमानाचं तिकीट, सगळं केलं. करारात एक कलम मात्र चार वेळा वाचा: ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर किती रक्कम परत करायची. हे कलम अनेकदा असतं. ती रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे विचारून लेखी घ्या. या एका प्रश्नावर काही मुलींची वर्षं अडकलेली मी पाहिली आहेत.

करार झाल्यावर रुग्णालयाने जलद प्रक्रिया निवडली. जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ८१अ खाली मालक तुमच्या वतीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाशी करार करतो. त्यासाठी तुम्ही मालकाला अधिकारपत्र सही करून द्यायचं. फी ४११ युरो. कागद पूर्ण मिळाले की मान्यता कार्यालयाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर व्हिसाची पूर्वसंमती निघते, मग मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडून तीन आठवड्यांत भेटीची वेळ आणि अर्ज दिल्यावर साधारण आणखी तीन आठवड्यांत निर्णय. यात ‘कागद पूर्ण मिळाले की’ हे शब्द महत्त्वाचे. माझ्याबरोबर निवडलेल्या एका मुलीकडे तासांचं पत्र नव्हतं, तर तिची मुदत सुरूच झाली नाही. ती कॉलेजच्या मागे धावत राहिली आणि मी विमानात बसले.

आता निर्णयाचं पत्र. जर्मनमधली कित्येक पानं, आणि त्यात ठळक शब्द ‘डेफिझिटबेशाइड’. डेफिझिट म्हणजे उणीव. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींनी हे पत्र बघून नकार आला असं समजून रडून घेतलं होतं. हा नकार नाही. तुमचं शिक्षण तपासलं, त्यातलं एवढं आमच्याशी जुळतं, एवढं जुळत नाही, ते इथे येऊन भरून काढा, असं ते पत्र सांगतं. आणि त्याच पत्रावर मान्यतेसाठीचा व्हिसा मिळतो, कलम १६ड खालचा. माझ्या पत्रात उणिवा होत्या वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेच्या आणि घरी जाऊन दिल्या जाणाऱ्या सेवेच्या. ते योग्यच होतं. आपल्याकडे म्हातारी माणसं घरी असतात, त्यांचं सगळं लेकी-सुना करतात, आणि अभ्यासक्रमात तो भाग थोडका येतो. उलट आपण प्रसूतीचं शिक्षण भरपूर घेतो, नोंदणीसुद्धा परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी मिळते. जर्मनीत सुईणीचा व्यवसाय पूर्ण वेगळा आहे, त्यामुळे ते तास या हिशेबात फारसे उपयोगी पडत नाहीत. स्वतः केलेल्या प्रसूतींची वही जपून ठेवणारी मी, मला ते वाचून वाईट वाटलं.

उणीव भरून काढायला दोन वाटा असतात: देखरेखीखाली काम करत पूर्ण करायचा अभ्यासक्रम, किंवा थेट ज्ञानाची परीक्षा, ‘केंटनिसप्र्युफुंग’. आता तर कायद्याने अशीही मुभा दिली आहे की कागदांची सविस्तर तुलना नको म्हणून सरळ या दोनपैकी एक वाट धरता येते. ज्यांची कॉलेजं बंद पडली आहेत किंवा दाद देत नाहीत, त्यांना याचा मोठा आधार आहे. तरी ज्यांना तासांचं पत्र मिळू शकतं त्यांनी तुलना करून घ्यावी, असं माझं मत आहे. उणीव नेमकी कळली की अभ्यासही नेमका होतो.

मी परीक्षा निवडली. मान्यता मिळेपर्यंत पगार मदतनीसाचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या महिन्यापासून पैशांची अपेक्षा राहत नाही. फरक किती, याचा अंदाज वृद्धसेवा केंद्रांच्या किमान वेतनावरून येईल: १ जुलै २०२५ पासून मदतनीसाला तासाला १६.१० युरो, पूर्ण पात्र परिचारिकेला २०.५०.

परीक्षेत तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग. माझ्या प्रात्यक्षिकातला एक रुग्ण खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले ऐंशीच्या घरातले आजोबा होते. औषधं, ड्रेसिंग, नोंदी यांत मला काही जड गेलं नाही. परीक्षकांचं लक्ष दुसरीकडे होतं. मी आजोबांना अंघोळ घालताना पाण्याची उष्णता त्यांना हात लावून बघू देते का, कुशीवर वळवताना टाच आणि माकडहाड बघते का, चेहरा स्वतः पुसायला त्यांच्याच हातात कापड देते का. अंथरुणातल्या जखमा, रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया, सांधे आखडणं, पडणं, हे सगळं होऊ नये म्हणून तुम्ही या क्षणी काय करता आहात, ते करता करता बोलून दाखवायचं. आपल्याकडे अंघोळ, तोंड धुणं, बेडपॅन ही कामं मावशी किंवा नातेवाईक करतात आणि नर्सकडे चाळीस रुग्ण असतात. इथे ते काम म्हणजेच निरीक्षण. आजोबांनी कापड हातात घेऊन सावकाश गाल पुसले आणि मला म्हणाले, “घाई नको करू, मुली, मला वेळ आहे.” तोंडी परीक्षेत मला त्यांच्याबद्दलच प्रश्न आले, आणि त्यांची उत्तरं मला आजोबांकडे नुसतं बघून सुचली होती.

पास झाल्यावर मान्यतेचं प्रमाणपत्र, ‘उर्कुंडे’, येतं. त्यावरून निवास परवाना बदलून कुशल कामगाराचा होतो. कायमस्वरूपी वास्तव्याच्या अर्जासाठी आता तीन वर्षं लागतात, पूर्वी चार लागायची. सोबत ३६ महिन्यांचा पेन्शनचा हप्ता आणि बी-वन जर्मन. पण ही तीन वर्षं कुशल कामगाराचा परवाना हातात आल्यापासून मोजतात. मान्यतेच्या व्हिसावर मदतनीस म्हणून गेलेला काळ त्यात धरत नाहीत. माझ्यामागून आलेल्या एका मुलीने भीतीपोटी परीक्षेची तारीख दोनदा पुढे ढकलली होती. तिला हे सांगितलं तेव्हा तिने त्याच संध्याकाळी वॉर्डाच्या कॉम्प्युटरवर तारीख शोधली. आता सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे येते. मी पलंगावर आजोबा होऊन पडते, आणि ती मला कुशीवर वळवता वळवता जर्मनमध्ये पाचही धोके मोठ्याने म्हणून दाखवते.